पट्टीवरची एक रेघ

मे महिन्यात करवंदपाड्यावर लग्न काढायचं म्हणजे धाडसच. पण वीटभट्टीवरची माणसं परतली की पाऊस पडेपर्यंतचे जे थोडे दिवस हाती राहतात, तेवढ्यातच इकडची लग्नं उरकावी लागतात. फागीकाकीच्या सरूचं लग्न अशाच एका सोमवारी धरलं होतं. वऱ्हाड वावर गावाकडून यायचं होतं, दोन टेम्पो भरून. सगळं जमलं होतं. तांदूळ घरचा होता, मांडवाला जांभळीचे टहाळे आले होते, लग्नगीतं म्हणजे धवल गाणारी म्हातारी आदल्या दिवशीच येऊन चहाच्या तक्रारी करत बसली होती. फक्त पाणी नव्हतं.

सूर्यमाळच्या डोंगराच्या अंगावरचा हा अडतीस घरांचा पाडा. विहीर एप्रिलातच तळाला गेलेली. टँकर दर दोन दिवसांनी येऊन विहिरीत पाणी सोडायचा, तो गुरुवारपासून फिरकला नव्हता. राहिला खडकातला झिरा, तो तासाला एक हंडा देणार, तोही मनात आलं तर. आणि राहिला पाड्याखालच्या ओहोळावरचा सिमेंटचा बंधारा. त्यात अजून कमरेएवढं पाणी होतं. पण पंधरा दिवसांपासून ते हिरवं झालं होतं, साधं शेवाळाचं हिरवं नव्हे, तर कडेला कोणी रंगाचा डबा ओतावा तसं. वासही उग्र येत होता. त्या पाण्यात गुरं धुवा, कपडे धुवा, पण प्यायला नको, असं वेणूने सगळ्यांना बजावलं होतं आणि बायकांनी चक्क ऐकलं होतं.

वेणू पाड्याची आशाताई. दहा वर्षं झाली तिला या कामाला. पहिली दोन वर्षं तिला पाहून बायका दारं लावून घ्यायच्या. आता रात्री-अपरात्री पहिली हाक तिलाच जायची. "पाणी उकळून प्या" हे तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की ती दिसली की पोरंच आधी ओरडायची, उकळून प्या, उकळून प्या. ती हसायची. तिला राग यायचा नाही, कारण खरोखरच पाड्यात आता पाणी उकळत होतं आणि जुलाबाने गेलेलं पोर चार वर्षांत एकही नव्हतं. एवढं एकच काम आयुष्यात केलं असतं तरी तिला पुरलं असतं.

रविवारी दुपारी फागीकाकी तिच्या ओट्यावर येऊन बसली.

"वेणू, टँकरवाला फोन उचलत नाय," काकी म्हणाली. "उद्या दीडशे माणूस येल. झिऱ्यावर किती भरू? तुज्याकडं ती मॅडमनी दिलेली पट्टी हाय ना? बंधाऱ्याचा पानी बघ न सांग. तू चांगला म्हनलीस तं भरू, नाय तं नाय."

त्या पट्टीची कथा अशी. मार्च महिन्यात हर्षदा नावाची एक तरुण मुलगी पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून आली होती. उन्हाळ्यात साठलेल्या पाण्यावर जे निळं-हिरवं शेवाळ माजतं, ते कधीकधी विषारी असतं, आणि ते विष पाण्यात उतरलं की नाही हे कागदी पट्टीवर कळतं, असं तिने सांगितलं. जव्हार-मोखाड्यातल्या आठ-दहा बंधाऱ्यांवर तिथलंच कोणीतरी माणूस नेमून ती या पट्ट्या देत होती. वेणूला तिने बंधाऱ्यावरच बसून सगळं शिकवलं. छोट्या बाटलीत पाणी घ्यायचं, आतली पूड विरघळेपर्यंत हलवायचं, वीस मिनिटं थांबायचं. मग पट्टी बुडवायची, दहा मिनिटांनी वाचायची. पट्टी बुडवून दोघी थांबल्या आणि तेवढ्यात पाड्यातल्या सोम्याच्या बायकोच्या पोटात कळा सुरू झाल्याचा निरोप आला. वेणू उठून पळाली. बाळंतपण पहाटे झालं. ती परतली तेव्हा हर्षदा निघून गेली होती आणि घरात पट्ट्यांचा डबा ठेवलेला होता, वर इंग्रजीत छापलेला कागद.

कागद वाचता येत नाही याचं वेणूला काही वाटलं नाही. पट्टी काय तिच्या ओळखीची नव्हती? गरोदरपण तपासायच्या असल्याच पट्ट्या तिने शेकड्याने वाचल्या होत्या. दोन रेघा आल्या तर आहे, एक आली तर नाही. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आणि नेमकं तिथेच तिचं चुकलं.

रविवारी चार वाजता ती बंधाऱ्यावर गेली. फागीकाकीची जाऊ शीला बरोबर होती. बाटली हलवली, थांबली, पट्टी बुडवली. घड्याळ लावून दहा मिनिटं मोजली. पट्टीवर एक रेघ उमटली, ठळक, लाल. दुसरीच्या जागी काही नाही. वेणूने पट्टी उजेडात धरून पाहिली, तिरकी करून पाहिली. एकच.

"काय नाय ह्याच्यात," ती म्हणाली, आणि तिला इतका आनंद झाला की तिने शीलाच्या पाठीवर थापच मारली. "दिसायला घान हाय, पन विष नाय. गाळून भरा आन उकळा."

या पाड्याची एक रीत आहे. उन्हाळ्यातल्या लग्नाला आहेराच्या आधी प्रत्येक घरातून एक हंडा पाणी लग्नघरी जातं. साडी दिली नाही तर लोक दोन दिवस बोलतील, हंडा दिला नाही तर दोन पिढ्या. आणि ते पाणी पहिल्यांदा वऱ्हाडाने प्यायचं. तोवर घरच्या माणसाने त्याला ओठ लावायचे नाहीत, मग घसा कोरडा पडो की आणखी काही. संध्याकाळपर्यंत बंधाऱ्यावर भरलेले अडतीस हंडे मांडवात आले. दोन निळे ड्रम काठोकाठ भरले, त्यावर साडीचे पदर बांधले. वेणूनेही आपला हंडा नेऊन ओतला.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास ती टेकाडावर चढली. पाड्यात फोनला रेंज नाही. वरच्या एका खडकावर उभं राहिलं तर मिळते, म्हणून त्या खडकाला सगळे टॉवरच म्हणतात. तिला लसीकरणाची यादी पाठवायची होती आणि हर्षदाला पट्टीचा फोटो. फोटो गेला. ती यादी भरत बसली होती तोच फोन वाजला.

"वेणूताई, हा फोटो कधीचा?" हर्षदाचा आवाज घाईत होता.

"कालचा, मॅडम. आमच्या बंधाऱ्याचा. एकच रेघ आली. काही नाही ना?"



"ताई, नीट ऐका. ही पट्टी उलटी असते. स्वच्छ पाण्याला दोन रेघा येतात. विष असलं की दुसरी रेघ पुसट होत जाते. तुमच्या पट्टीवर दुसरी रेघ दिसतच नाहीये. म्हणजे विष आहे, आणि भरपूर आहे. कोणी प्यायलंय का ते पाणी?"

 वेणू खडकावर खाली बसली.

"अजून नाही," ती म्हणाली. "आता पितील. लग्न आहे."

"पिऊ देऊ नका. उलट्या, पोटात कळा, आणि ते थेट यकृतावर जातं. लहान मुलांना फार जपा."

"उकळलं तर? आम्ही उकळतो, मॅडम."

"उकळून हे विष जात नाही, ताई. पाणी आटतं आणि विष तेवढंच राहतं, म्हणजे जास्तच कडक होतं. ओतून टाका सगळं. मी उद्या सकाळपर्यंत पोचते तिथे."

उद्या सकाळ. वेणू उठली आणि उतरू लागली. उतरताना खालच्या वळणावर तिला धूळ दिसली. दोन टेम्पो चढत होते. वळणावळणाने यायला त्यांना पाऊण तास लागणार होता, तिला पायवाटेने अर्धा. ती धावत सुटली. चप्पल तुटली ती तिने तिथेच टाकली. वाटेभर तिच्या मनात एकच गोष्ट होती. हे पाणी तिने चांगलं म्हटलं होतं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर बायकांनी हंडा बुडवलाच नसता.

ती मांडवात पोचली तेव्हा मोठ्या टोपात आधण ठेवलेलं होतं, धुतलेला तांदूळ टोपलीत निथळत होता. शीला पितळी तांबे ओळीने मांडत होती. वऱ्हाड उतरलं की पहिला तांब्या नवऱ्याच्या आईच्या हातात, मग बाकीच्यांच्या. फागीकाकी नवी साडी नेसून ड्रमजवळ उभी होती आणि घामाने भिजली होती.

"काकी, ह्या पान्याला हात लावू नका," वेणू म्हणाली. तिला धाप लागली होती. "पानी वाईट हाय. मी चुकले."

काकीला आधी कळलंच नाही. वेणूने सगळं सांगितलं. पट्टी उलटी असते, एक रेघ म्हणजेच विष, मॅडमचा फोन आला, मी वाचायला चुकले. सांगताना तिला स्वतःलाच ते कसंनुसं वाटत होतं. जमलेल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या.

"असा कसा?" शीला म्हणाली. "माज्या वक्ताला एक रेघ आली तव्हा तू म्हनलीस काय नाय. मी दोन दिस रडले. आता एक रेघ म्हनजे हाय?"

"ती पट्टी निराळी, ही निराळी."

"काल तं तूच म्हनलीस का सारकीच हाय."

ते खरं होतं. काल बंधाऱ्यावर तिने अगदी हेच शब्द वापरले होते. 

फागीकाकी मात्र शांत होती. तिच्या घरचं कार्य होतं, तिला भांडायला वेळ नव्हता. तिने चुलीवरच्या टोपाकडे बोट दाखवलं. पाण्याला खदखदून उकळी फुटली होती.

"बघ, उकळला. ड्रममधला पन उकळून घेऊ, थंड करून देऊ. झाला?"

"नाय, काकी. हे उकळून जात नाय."

 धवल गाणारी म्हातारीसुद्धा तोंडातली तंबाखू चघळायची थांबली. दहा वर्षं जी बाई घरोघर जाऊन एकच गोष्ट सांगत आली होती, ती आज म्हणत होती की उकळून उपयोग नाही.

"वेणू," काकी म्हणाली, आणि आता तिचा आवाज बदलला होता, "तुला काय झालाय? काल चांगला म्हनलीस, आज वाईट म्हनतस. दहा वरीस उकळा म्हनलीस, आज नको म्हनतस. अडतीस घरांनी डोक्यावर पानी वाहून आनला. तो मी भुईवर ओतू? न वऱ्हाडाला काय देऊ, माजा घाम?"

कोणीतरी हसलं. खालून टेम्पोचा हॉर्न आला. शीलाने तांबे उचलले आणि पहिला ड्रममध्ये बुडवला. दुसरी बाई तांदळाची टोपली घेऊन चुलीकडे वळली. पाड्याची पोरं हॉर्नच्या दिशेने पळाली होती आणि वऱ्हाडाबरोबर पोरं असणारच होती, उन्हातून आलेली, तहानलेली.

वेणूने खरं सांगून पाहिलं होतं. आपली चूक सगळ्यांसमोर कबूल केली होती, यापेक्षा जास्त खरं तिच्याजवळ नव्हतं. आणि ते पुरलं नव्हतं.

"माज्या धाकलीनं काल ह्यातला पानी प्याला," ती म्हणाली.

शीलाचा हात थांबला.

"हंडा आनून ठेवला होता. इथं आनायच्या आधीच तिनं तांब्या बुडवला. मी बोलले नाय कोनाला, लाज वाटली. सकाळपासून ओकते. पोट धरून पडलीय घरात."

धाकली म्हणजे वेणूची नऊ वर्षांची मुलगी. ती घरात नव्हती. तीन दिवसांपासून ती खोडाळ्याला मावशीकडे होती, लग्नाच्या गडबडीत हे कोणाच्या लक्षातही नव्हतं, आणि पोटाला तिच्या काहीही झालेलं नव्हतं. हे वाक्य तोंडातून कसं बाहेर पडलं ते वेणूलाही सांगता आलं नसतं. आपल्या पोटच्या पोरीला आजारी म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी बायकांनी पाहिलं आणि त्यांना दुसरा पुरावा लागला नाही.

 फागीकाकीने नव्या साडीचा पदर कमरेला खोचला, पहिल्या ड्रमला खांदा लावला आणि तो आडवा केला. पाणी मांडवातल्या सारवणावरून वाहत वाटेवर गेलं. दुसरा ड्रम शीलाने आणि आणखी दोघींनी पाडला. आधणाचा टोप दोन पुरुषांनी उचलून बाजूच्या खाचरात उपडा केला.  मे महिन्यात इतकं पाणी एकाच वेळी जमिनीवर कोणी पाहिलं नव्हतं. एक म्हातारी तोंड फिरवून उभी राहिली.

वऱ्हाड आलं ते त्या चिखलातून. पाण्याऐवजी त्यांच्या पुढे हात जोडून उभं राहण्याची वेळ फागीकाकीवर आली. मग घराघरातून झिऱ्याचं राखून ठेवलेलं पिण्याचं पाणी आलं, कुठून अर्धा तांब्या, कुठून एक. दीडशे माणसांना दोन-दोन घोट मिळाले. नवऱ्याची आई घोट घेऊन म्हणाली, "आमच्या वावरात पानी नाय म्हनून पोरी द्यायला लोक भितात. तुमी तं आमच्या वरचे." बोलली ती हसतच, पण ऐकायचं ते ऐकू आलं.

काकीचा नवरा लहान्या हा कमी बोलणारा माणूस. त्याने टेम्पोवाल्याला बाजूला घेतलं, रिकामे ड्रम फडक्याने कोरडे पुसून टेम्पोत चढवायला लावले आणि म्हणाला, "चल, खोडाळ्याच्या हापशीवरून भरून आनू."

खोडाळा हा शब्द वेणूने ऐकला. तिच्या बहिणीचं घर त्या हापशीच्या समोरच होतं. ती पुढे झाली, म्हणाली, "काका, मोखाड्याला जा की, तिथं नळ हाय." लहान्याने तिच्याकडे पाहिलं, मोखाडा लांब पडतो एवढंच म्हणाला आणि टेम्पोत बसला. जास्त बोलावं तर संशय, न बोलावं तर तो चालला. टेम्पो वळणाआड गेला.

अडीच तास वेणू आपल्या घरात बसून राहिली. बाहेर पडता येत नव्हतं, घरात आजारी पोर आहे म्हटल्यावर आई मांडवात कशी मिरवेल? मांडवातून वाजंत्री ऐकू येत होती, मध्येच थांबत होती, कारण वाजवणाऱ्यांनाही तहान होती. तिने एक पट्टी काढली आणि माठातलं झिऱ्याचं पाणी तपासलं. दोन रेघा आल्या, स्पष्ट. ती त्या दोन रेघांकडे किती तरी वेळ पाहत होती. एवढं साधं होतं. मार्चमध्ये आणखी दहा मिनिटं बसले असते तर, असं तिच्या मनात आलं, आणि मग सोम्याच्या बायकोचा तो पहाटेचा चेहरा आठवला आणि तेव्हा उठून गेले ते चुकलं असंही तिला म्हणता येईना.

टेम्पो परत आला. पाणी आलं, भात शिजला, साडेतीनला जेवणं झाली. लग्न लागलं. पाठवणीच्या थोडं आधी फागीकाकी वेणूच्या दारात उभी राहिली. हातात स्टीलचा तांब्या, त्यावर वाटी झाकलेली. ती आत आली आणि दार लोटून घेतलं.

"पोर कुठाय?" तिने विचारलं.

 काकीने आत नजर फिरवली. एकच खोली, लपवायला जागा नव्हती. तिने तांब्या खाली ठेवला.

"लहान्याला हापशीवर भेटली," काकी म्हणाली. "दांडा मारू लागली म्हने. हसत होती. त्यानं मला एकलीला सांगला, आनखी कोनाला नाय."

"काकी, पानी वाईटच हाय," वेणू म्हणाली. "मी सांगत होते, तुमी ऐकत नव्हता. पोरांच्या तोंडाला लागला असता."

"म्हंजे कोनी प्याला नाय. कोनी ओकला नाय." काकी सावकाश बोलत होती. "मग पानी चांगला होता."

"नाय, काकी. उद्या मॅडम येते. तिला इचारा."

"येऊ दे. ती पन पट्टीच वाचनार ना?" काकी खाली बसली. सकाळपासून पहिल्यांदाच बसली असावी. "काल सांगलास चांगला. आज सांगलास वाईट. मंग सांगलास पोर प्याली. तीन गोष्टी सांगलास, वेणू. त्यातली कंची धरू मी?"

 पाणी विषारी आहे ही या तिन्हींतली एकच खरी गोष्ट होती आणि ती आता तिच्या तोंडून कोणालाही खरी वाटणार नव्हती. तिला हुंदका आला. तिने तो आवरला नाही.

बाहेर पावलं वाजली. बायका आल्या होत्या, पाच-सहा जणी, शीला सगळ्यांच्या पुढे. आजारी पोरासाठी प्रत्येकीने काही तरी आणलं होतं. एकीकडे नागलीची आंबील होती, एकीकडे अंडं, बाकीच्यांकडे झिऱ्याचं पाणी. ज्यांनी सकाळी आपापला हंडा मातीत जाताना पाहिला होता, त्याच या बायका. शीलाने दार ढकलायला हात लावला.

वेणू उठली. आता सांगून टाकावं असं तिला वाटलं, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. पण फागीकाकी तिच्या आधी दारात गेली आणि दार हातभर उघडून मध्ये उभी राहिली.

"पोर आता कुठं झोपलीय," काकी म्हणाली. "आत नका येऊ. काय ते माज्याकडं द्या."

बायकांनी तांबे तिच्या हातात दिले. शीला म्हणाली, "वेणूबाय, माजा पानी उकळला नाय हां. तू म्हनलीस ना उकळून काय होत नाय, म्हनून तसाच आनला. आमी सगळ्यांनी आजपासून उकळायचा बंद केला." तिने ते मोठ्या मायेने सांगितलं.

वेणूने तोंड उघडलं, पण काकीने मागे हात करून तिला थोपवलं. बायका गेल्या. काकीने आणलेलं सगळं ओळीने भिंतीला लावून ठेवलं आणि पदराने हात पुसले.

"तुमी का खोटा बोललात?" वेणूने विचारलं.

"तुज्यासाठी नाय बोलले," काकी म्हणाली. "ड्रम मी पाडला. दीडशे माणसांची तहान मी पाहिली. ती सासू जन्मभर माज्या सरूला पान्यावरून बोलल. आता कोनी येऊन मला सांगला का पानी चांगला होता, तं मी कुठं जाऊ? तो वाईटच होता. आता वाईटच राहू दे." ती दाराशी थांबली. "धाकलीला आठ दिस तिकडंच ठेव. आन उकळायचा काय सांगायचा ता तुजा तू बघ. माज्या दारात सांगायला येऊ नको."

ती गेली. थोड्या वेळाने वाजंत्री जवळ आली. सरूची पाठवणी याच वाटेने खाली जायची होती. सरू शाळकरी असताना वेणूने तिला दंडाला धरून पहिली सुई टोचवून आणली होती, नहाण आल्यावर ती आधी वेणूकडे आली होती आणि जाताना पाया पडायला ती याच ओट्याशी थांबणार हे पाड्यात सगळ्यांना माहीत होतं. ती थांबली. बाहेरून तिने दोनदा हाक मारली, वेणूमावशी, वेणूमावशी. मग फागीकाकीचा आवाज आला, चल, पोर झोपलंय तिचं, उठवू नको. वेणू दाराच्या आत उभी होती, दारावर हात ठेवून. तिने कडी घातली, कारण घरात आजारी पोर होतं.